चाकांवरची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. विटांची नव्हे, प्लायवूडची. माझ्यामागे खोली नाही, माझ्यावर छप्पर टेकलेले नाही, आणि मी एका जागी उभी राहत नाही, कारण मला चार चाके आहेत. माझ्या अंगावर एक नळ आहे, एक दिवा आहे, फ्यूज आहे, हातभर उंचीचे एक दार आहे आणि त्या दाराला कडी-कोयंडा आहे. हे सगळे मुलांनी बिघडवावे आणि पुन्हा नीट करावे, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

माझा जन्म एका गळक्या नळामुळे झाला. शाळेच्या खालच्या व्हरांड्यातला तो नळ तीन आठवडे टपटपत होता. शाळेत आठशे मुले आणि सत्तावीस शिक्षक होते. पाण्याचा दाब शिकवणारे विज्ञानाचे सर रोज त्या नळाखालची बादली पायाने सरकवत आणि वर्गात जात. शेवटी पहिलीतली एक मुलगी ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा दात पडला. पडायला आलेलाच होता म्हणा, पण रडणे खरे होते.

शाळेत सुतारकाम शिकवणारे एक सर होते. मुले त्यांना 'रंधा सर' म्हणत. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते एवढेच म्हणाले, "आपण सत्तावीस जण, सगळे पदवीवाले, आणि एका वॉशरला घाबरलो."

त्यांनी स्वतः तो वॉशर बदलला. लागली पाच मिनिटे. मग पंधरा दिवस शाळा सुटल्यावर थांबून त्यांनी मला घडवले. मोडक्या बाकांच्या फळ्यांचा माझा सांगाडा केला. माझ्या डाव्या बरगडीवर कोणीतरी कर्कटकाने कोरलेले 'गणित नको' हे शब्द अजूनही वाचता येतात. ऑफिसातून काढून टाकलेल्या आडोशाचे प्लायवूड माझ्या अंगावर चढले. चाके भंगारातल्या हातगाडीची. दिव्याला वीज बॅटरीची, म्हणजे कोणाला झटका बसायला नको. नळाला पाणी यावे म्हणून माझ्या डोक्यावर एक डबा बसवला. तो भरला की माझी मान अवघडते, पण तक्रार नाही.

आठवीच्या वर्गाला शुक्रवारचा शेवटचा तास मिळाला. मुले त्याला 'हाताचा तास' म्हणू लागली. मला ढकलत वर्गात आणले की आरडाओरडा व्हायचा. पहिल्या दिवशी मात्र कोणी पुढे येईना. वर्गात एक उंच, चष्मेवाला मुलगा होता. त्याची आई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती, म्हणून मुले त्याला 'साहेब' म्हणत. रंधा सरांनी त्याच्या हातात पाना दिला. साहेबाने तो पेनासारखा धरला आणि विचारले, "सर, हे कोणत्या बाजूने फिरतं?" वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ठाऊक होते, हे मी चांगले जाणून होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. तिने आधी डब्याची तोटी बंद केली, मग पाना उलटा करून धरला, नळ उघडला, वॉशर बदलला, पांढरी टेप दोन वेढे गुंडाळली आणि नळ बसवला. सर घड्याळ बघत होते. दोन मिनिटेसुद्धा लागली नव्हती. इतक्या हलक्या हाताने मला तोवर कोणीच उघडले नव्हते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिचे कान लाल झाले, पण चेहरा उजळला होता.

तेव्हा चिडलेला साहेब म्हणाला, "हिला काय कठीण! हिच्या घरचा धंदाच आहे तो. हिचे बाबा आमच्याकडे संडास मोकळा करायला येतात."

तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याचे हसे झाले होते आणि त्याला ते कोणावर तरी ढकलायचे होते, एवढेच. पण त्या दिवसापासून मुलीचे नाव 'पाना' पडले. ती पुन्हा कधी पुढे आली नाही. हाताचा तास आला की खिडकीपाशी तिरकी, हात पाठीमागे बांधून उभी राहायची. तिची बोटे मागे वळवळताना मला दिसत. समोर कोणी नळाचा आटा चुकीचा बसवला की तिचा ओठ दाताखाली जायचा. एक शब्द मात्र ती बोलायची नाही.

ते सबंध वर्ष मी काम केले. किती मुलांनी माझा फ्यूज उडवला, किती जणांनी बोट चिमटवून घेतले, हिशेब नाही. एका मुलाने घरी जाऊन आजोबांच्या खोलीतला दिवा सुरू करून दिला, म्हणून आजोबा शाळेत सरांना भेटायला आले. माझ्या आयुष्यातले ते कौतुकाचे दिवस होते.

मग पालकसभा झाली. शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, हातात कागद घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्या कागदावर दहावीच्या गणितात नापास झालेल्या एकोणीस मुलांची नावे होती, आणि कागदात न बघता त्या ती सांगू शकत होत्या. त्यांचे म्हणणे होते की हाताचा तास बंद करावा आणि तो आठवीपासूनच गणिताला द्यावा. रंधा सरांनी मला सभागृहात आणून ठेवले होते. मला बघून तरी पालक विरघळतील, असे त्यांना वाटले असावे.

बऱ्याच पालकांनी माना डोलावल्या, कोणत्या बाजूने ते त्यांनाच ठाऊक. मग अगदी मागे, दाराजवळ उभा असलेला एक माणूस बोलला. खांद्यावर पाइपांच्या तुकड्यांची पिशवी, गुडघ्यावर चिखल. पानाचे वडील. सभेसाठी काम अर्धे टाकून आले होते.

"बाई, मी चौथीपर्यंत शिकलो," ते म्हणाले. "नळाचं म्हणाल तर माझ्या पोरीला मी घरीच शिकवतो. त्यासाठी तिला वेण्या घालून, डबा भरून इथे पाठवायची काय गरज? मला जे येत नाही ते तिला शिकवा. गणित शिकवा. तिचे हात माझ्यासारखे होऊ नयेत, म्हणून तर शाळा."

त्यांनी हात पुढे केले नाहीत. पण सगळ्यांचे लक्ष तिकडेच गेले. खरे सांगते मित्रांनो, मला मत असते तर मी ते त्या माणसालाच दिले असते.

हाताचा तास बंद झाला. मला जिन्याखाली नेऊन उभे केले. आधी काही दिवस मी वाट बघितली. मग माझ्या कडीला कोणीतरी झाडू अडकवला, दारावर फाटके जाळे टांगले, डब्यात जुने खडू भरले. नळाच्या तोंडात कोळ्याने घर केले. रंधा सर निवृत्त झाले त्या दिवशी जिन्याखाली आले. माझा एक सैल स्क्रू त्यांनी नखाने पिळून बघितला, पाठीवर दोन थापा मारल्या आणि गेले. वर समारंभात त्यांची शाल आणि भाषणे चालू झाल्याचे मला ऐकू येत होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. शुक्रवारचा तास ज्यांना मिळाला त्या गणिताच्या बाई तरुण, कडक आणि कामसू होत्या. त्यांनी तो तास वाया घालवला नाही. वर्षभरात नापासांची संख्या एकोणिसावरून अकरावर आली. आणि दहावीच्या वर्गात गणितात पहिली कोण होती, सांगू? पाना. चक्रवाढ व्याजाच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. जिन्यावरून जाताना मुले बोलत, ते मी ऐकत असे.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तीच मुलगी जिन्याखाली आली. झाडू बाजूला सारून ती माझ्या चाकाशी बसली आणि माझ्या अंगाला डोके टेकवून रडू लागली. आवाज न करता. थोड्या वेळाने बाई शोधत आल्या. त्यांच्या हातात एक कोरी उत्तरपत्रिका होती.

"हे काय?" बाईंनी विचारले. "नुसतं नाव लिहून पेपर दिलास? बरं नाही का?"

"व्याजाची गणितं होती त्यात," ती म्हणाली. "मला ती येत नाहीत."

"तुला येत नाहीत? वर्गात तूच तर पहिली."

तेव्हा तिने सांगितले. वडिलांनी पाच महिन्यांपूर्वी तुंबलेले पाइप मोकळे करायचे यंत्र घेतले होते. साठ हजारांचे. हाताने ओढून ओढून त्यांची पाठ गेली होती. दुकानदाराने सांगितले, आत्ता पैसे देऊ नका, पहिले वर्ष नुसते व्याज द्या, तीन टक्के. वडिलांनी कागद घरी आणला आणि मुलीपुढे ठेवला. घरात वाचणारी तीच.

"मी सगळा वाचला, बाई. मोठ्यांदा वाचला. तीन टक्के म्हणजे साठ हजारांवर वर्षाला अठराशे, असं मीच त्यांना काढून दिलं. बाबा म्हणाले, माझी पोरगी सांगतेय म्हणजे बरोबरच. आणि सही केली."

"मग?"

"महिना संपला आणि त्यांचा माणूस अठराशे मागायला आला. बाबा म्हणाले, ते वर्षाचे. तो म्हणाला, महिन्याचे, कागद बघा." तिने नाक पुसले. "पुस्तकात प्रत्येक गणितात 'दर साल दर शेकडा' असतं. कागदात 'दरमहा' होतं. मी तो शब्द वाचला, बाई. वाचला आणि तरी मला तो दिसला नाही. वर्षाचे एकवीस हजार सहाशे होतात. मी आता काढलेत."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "बाबा रागावले?"

"नाही ना! रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणतात, जाऊ दे, मी दुप्पट कामं घेईन. चार महिने भरले. आता उठताना भिंतीला धरून उठतात."

"उद्या त्यांना घेऊन ये. कागदासकट."

दुसऱ्या दिवशी वडील आले. बाईंनी त्यांना शिक्षकांच्या खोलीत बोलावले, पण ते आपल्या चिखलाच्या बुटांकडे बघून म्हणाले, "इथेच बरं आहे." म्हणून तिघे माझ्यासमोर पायऱ्यांवर बसले. बाईंनी कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. प्रत्येक ओळीला थांबत. एकदा त्याही अडल्या, पुन्हा मागे गेल्या. मला आश्चर्य वाटले. गणिताच्या बाईंनाही असा कागद सलग समजत नव्हता तर!

नवव्या कलमाशी त्यांचे बोट थांबले. "हे ऐका. सहा महिन्यांच्या आत यंत्र चांगल्या स्थितीत परत केलं, तर मूळ रक्कम मागितली जाणार नाही. भरलेलं व्याज मात्र परत मिळणार नाही."

"म्हणजे?" वडिलांनी विचारले.

"म्हणजे यंत्र परत देता येईल. सुटाल तुम्ही. पण सात हजार दोनशे गेले."

वडिलांनी कागद हातात घेतला. ती ओळ कुठे आहे ते मुलीने बोट ठेवून दाखवले. ते बघत राहिले. "ही आधीपासून इथेच होती?"

"हो, बाबा."

"यंत्र चांगलं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी कागदाची घडी घातली.

यंत्र परत गेले. बाई दुकानात त्यांच्याबरोबर गेल्या होत्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलल्या नाहीत, असे मला नंतर कळले. सात हजार दोनशे गेले ते गेलेच. पुढची दोन वर्षे त्या माणसाने जुन्याच सळईने पाइप मोकळे केले. हे मी मुद्दाम सांगते, कारण गोष्ट गोड करायला मी ते लपवले तर तुम्हाला वाटेल, उशिरा वाचले तरी चालते.

त्याच आठवड्यात बाई मोठ्या बाईंना घेऊन जिन्याखाली आल्या. "मी व्याज शिकवलं," त्या म्हणाल्या. "पैकीच्या पैकी गुण मिळतील असं शिकवलं. पण व्याजाचा कागद कधी दाखवलाच नाही. हाताचा तास पुन्हा सुरू करू या, कागदही त्यातच शिकवू."

मोठ्या बाईंनी माझ्या डब्यातले खडू बघितले, जाळे बघितले. "ह्याने निकाल खाली आला तर?"

"आला तर बंद करा."

"एक शुक्रवार आड," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि निकालापर्यंतच."

एवढेच. ढोल वाजले नाहीत. मला बाहेर ओढायला गेले तर एक चाक जाम. पानाचे वडील पिशवी घेऊन आले, चाकात तेल सोडले, नळातले कोळ्याचे घर काढले आणि पैसे विचारले तर नुसती मान हलवली. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की माझी पाठ कोरी आहे! इतकी वर्षे मी तिच्यावर काहीच वागवले नव्हते. गणिताच्या बाईंनी तिच्यावर कागद लावले. विजेचे बिल, औषधांची पावती, भाडेकरार, बँकेतून पैसे काढायची चिठ्ठी, वस्तू हप्त्याने देणाऱ्या दुकानाची जाहिरात. आणि मधोमध, नाव खोडून, तो साठ हजारांचा कागद. वडिलांनी स्वतः आणून दिला होता. "लागू दे. माझं जे व्हायचं ते झालं," म्हणाले.

पुढच्या पालकसभेत एकाने विचारलेच, हे पुन्हा कशाला? घरी शिकवायच्या गोष्टी शाळेत कशाला? पानाचे वडील ह्या वेळी खुर्चीवर बसले होते. ते उठले.

"मागे मीच असं बोललो होतो," ते म्हणाले. "खोटं नव्हतो बोललो. पण अर्धंच बोललो. घरी शिकवतो म्हणालो. मी माझ्या घरी नळ शिकवणार. ज्या घराला कागद कळतात, ते कागद शिकवणार. आणि ज्याच्या घरात जे नाही, ते त्याला कोण शिकवणार? पोरं एकत्र येतात ती इथेच."

साहेबाची आई पहिल्या रांगेत होती. तिने वळून त्यांच्याकडे बघितले आणि म्हणाली, "आमच्या घरात वॉशर कोणालाच येत नाही." सभागृह हसले. ते हसणे मला आवडले.

नंतरच्या शुक्रवारी बाईंनी दहावीच्या मुलांच्या जोड्या लावल्या. साहेब आणि पाना एकत्र. दोघेही माझ्यासमोर खांब होऊन उभे. शेवटी साहेबच म्हणाला, "हे कोणत्या बाजूने फिरतं, ते अजून येत नाही मला." तिने त्याच्या हातावर हात न ठेवता, नुसत्या बोटाने हवेत दाखवले. त्याने डब्याची तोटी बंद केलीच नव्हती. नळ उघडला आणि पाणी थेट त्याच्या चष्म्यावर. ती हसली. मग माझ्या पाठीमागे जाऊन तिने हळूच विचारले, "थकबाकी म्हणजे काय रे?" आणि त्याने चष्मा पुसत पुसत विजेच्या बिलावर तिला ती ओळ दाखवली. पाना हे नाव काही सुटले नाही. पण आता ती त्या हाकेला ओ देऊ लागली.

तुम्ही निकालाचे विचाराल. त्या वर्षी गणितात दहा जण नापास झाले. आदल्या वर्षी अकरा होते. एकाचे श्रेय मी घेत नाही. एक इकडेतिकडे होतच असतो. मोठ्या बाईंनी आकडा दोनदा वाचला आणि वेळापत्रकातला शुक्रवार तसाच राहू दिला.

आता मी म्हातारी झाले आहे. माझे प्लायवूड कडेने फुगले आहे, दार लावताना किंचाळते. माझी काळजी घ्या, असे मी म्हणेन. ओल्या हाताने फ्यूजला हात लावू नका, कागद फाडू नका, बिजागरीला तेलाचा थेंब द्या. पण माझ्यासारखी भिंत कोणीही सुतार पंधरा दिवसांत उभी करील. जपायचे आहे ते वेगळेच. परवाच्या शुक्रवारी जे झाले ते सांगते आणि थांबते.

पानाचे वडील हल्ली कधी कधी तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसतात. बाई माझ्या पाठीवरची एक नवी जाहिरात वाचून दाखवत होत्या. त्यांनी हात वर केला. वर्गात हात वर करायचा असतो, हे त्यांना चौथीपासून आठवत असणार.

"बाई, इथे 'नाममात्र शुल्क' लिहिलंय. नाममात्र म्हणजे किती?"

बाईंनी जाहिरात पुन्हा वाचली. "लिहिलेलं नाही. ज्याने कागद दिला त्यालाच विचारायचं. आणि तो आकडा सांगेपर्यंत पेनाचं टोपण काढायचं नाही."

त्यांनी खिशातून पाइपांची मापे लिहायची छोटी वही काढली आणि ते वाक्य लिहून घ्यायला लागले. एकेक अक्षर, दाबून, सावकाश. बाई पुढचे बोलणार होत्या, पण थांबल्या. तीस मुले थांबली. कोणी खोकलेसुद्धा नाही. त्यांचे शेवटचे अक्षर लिहून होईपर्यंत सगळा वर्ग वाट बघत राहिला.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात, घरात, एखाद्या खिडकीपुढच्या रांगेत असे कोणी सावकाश लिहीत असेल. त्याच्यासाठी थांबा. एवढेच मागते.